आपला आजार पोपटाला लागतो का? एका उलट्या प्रश्नाचा इतिहास



गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका सुनेचा फोन आला. तिच्या सासूबाईंना टीबी निघाला आहे. औषधं सुरू झाली, जेवण थोडं जातं आहे, काळजीचं तसं कारण नाही. पण घरात कॉकटीलची जोडी आहे आणि पिंजरा सासूबाईंच्याच खोलीत असतो, कारण दुपारी सगळे बाहेर गेले की त्यांना तेवढीच सोबत. नात्यातल्या दोघी-तिघींनी लगेच निकाल दिला, "पाखरांमुळेच झालं हे. आधी तो पिंजरा घराबाहेर काढ." या सुनेने मला विचारलेला प्रश्न मात्र उलटा होता. "काकू, आईंच्या खोकल्याने त्या पाखरांना तर काही होणार नाही ना?"

मला हा प्रश्न फार आवडला. आजार कुणाकडून कुणाकडे जातो, हे विचारताना आपण बहुतेक वेळा स्वतःला घेणाऱ्याच्या जागी ठेवतो. देणारे आपणही असू शकतो, हे मनात येत नाही. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आणि संसारात पडले. पण वाचायची आवड आहे, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचलं. तेव्हा कळलं, की या प्रश्नाला चांगला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे. तो आज सांगते.

थोडक्यात उत्तर आधी देते, म्हणजे ज्यांना चुलीवर दूध आहे त्यांना उठता येईल. आपली साधी सर्दी, पडसं घरातल्या पोपटाला लागत नाही. टीबी मात्र लागू शकतो. फार क्वचित, पण लागतो, आणि तो पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांना विशेषकरून लागतो. कॉकटील, बडगी, लव्हबर्ड हे सगळे त्याच कुळातले.

वहीची एकच बाजू

कॉलेजात पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं, की प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी होतात, एक नावे आणि एक जमा. पक्षी आणि माणूस यांच्यातल्या आजारांची जुनी वही उघडली, तर ती मात्र एकाच बाजूने भरलेली दिसते. पक्ष्याने माणसाला काय दिलं, याचीच पानंच्या पानं.

पहिली ठळक नोंद १८७९ सालची, स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावची. याकोब रिटर नावाच्या डॉक्टरच्या भावाच्या घरी परदेशातून आणलेले पोपट आणि इतर पक्षी होते. त्या घराशी संबंध आलेली सात माणसं आजारी पडली, ताप आणि छातीचा विकार. तिघं गेली. रिटरने सगळी हकिकत नीट लिहून ठेवली आणि संशय पिंजऱ्यावर घेतला.

पुढची नोंद पॅरिसची, १८९२ सालची. दक्षिण अमेरिकेतल्या ब्युनोस आयर्सहून दोन व्यापाऱ्यांनी बोटीवरून शेकडो पोपट विक्रीसाठी आणले. वाटेतच त्यातले किती तरी मेले. उरलेले पॅरिसमध्ये विकले गेले आणि त्या घरांतून माणसं आजारी पडू लागली. डझनाहून जास्त माणसं दगावली. या आजाराला पुढे 'सिटॅकोसिस' हे नाव मिळालं. पोपटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच ते पडलं. म्हणजे आजाराच्या नावातच आरोपीचं नाव.

आणि मग १९२९-३० साली तर जगभर हाहाकार झाला. अर्जेंटिनातून पोपट बोटींवर लादून युरोप-अमेरिकेत पाठवले जात होते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिस गावी एका गृहस्थाने नाताळची भेट म्हणून बायकोसाठी पोपट घेतला. नाताळ येईपर्यंत पक्षी मेला आणि काही दिवसांत बायको, मुलगी आणि जावई अंथरुणाला खिळले. डॉक्टरला निदान होईना. त्याने घरी जाऊन बायकोजवळ गोष्ट काढली. तिने वर्तमानपत्रात ब्युनोस आयर्सच्या पोपटांच्या आजाराबद्दल वाचलेलं होतं. ती म्हणाली, हा तोच ताप तर नव्हे? मैत्रिणींनो, निदान स्वयंपाकघरातून आलं म्हणायला हरकत नाही! डॉक्टरांनी वॉशिंग्टनला तार केली आणि तपास सुरू झाला.

तपासाचं काम सरकारी हायजिनिक लॅबोरेटरीतल्या चार्ल्स आर्मस्ट्राँग यांच्याकडे आलं. त्यांचे मदतनीस हेन्री अँडरसन हे आजारी पोपटांची देखभाल करता करता स्वतः आजारी पडले आणि फेब्रुवारी १९३० मध्ये गेले. आर्मस्ट्राँगही आजारी पडले, पण वाचले. त्या इमारतीत इतके लोक एकामागोमाग पडले, की शेवटी प्रमुख जॉर्ज मॅकॉय यांनी प्रयोगाचे प्राणी मारून सगळी इमारत विषारी धुराने शुद्ध करवली. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी २४ जानेवारी १९३० रोजी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. अमेरिकेत १६९ माणसं आजारी पडली, त्यातली ३३ गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या प्रयोगशाळेचं नाव बदलून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ झालं. आज जगात नावाजलेली ती संस्था तीच.

हे झालं माणसांचं. पोपटांचं काय झालं? लोकांनी घरातले पाळलेले पोपट रस्त्यावर सोडून दिले. एका शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याने तर पोपट असेल तर त्याची मान मुरगाळा, असाच सल्ला दिला. एका नौदल अधिकाऱ्याने जहाजावरच्या खलाशांना आपापले पोपट समुद्रात टाकायला सांगितलं. कालपर्यंत ज्याला नावाने हाक मारायची, पहिला घास द्यायचा, तो एका रात्रीत शत्रू झाला.

पुढच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात कार्ल मेयर आणि ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट या शास्त्रज्ञांनी या आजाराचा खोलात जाऊन अभ्यास केला. त्यातून कळलं, की हा जंतू कित्येक पक्ष्यांच्या अंगात शांतपणे राहतो. रानात मोकळ्या असलेल्या पक्ष्याचं सहसा काही बिघडत नाही. पण त्याला पकडून, कोंबून, घाणीत ठेवून, उपाशीतापाशी बोटीवर लादलं, की त्याचा जीव खचतो, आजार उफाळतो आणि विष्ठेवाटे जंतू बाहेर पडू लागतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून माणसाच्या छातीत जाते. आरोप पोपटावर होता, पण त्याला पेटीत कोंबणारा हात माणसाचाच होता.

दुसरी बाजू: पोपटाला माणसाचा क्षय

आता वहीचं दुसरं पान. ते उघडायला आपल्याला बर्लिनला जावं लागेल.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्च हा आजही क्षयरोग दिन म्हणून पाळतात. त्या काळी युरोपात क्षय घरोघरी होता. जंतू सापडल्यावर पुढचा प्रश्न आलाच. गाईला क्षय होतो, कोंबडीला होतो, माणसाला होतो, मग हे सगळे जंतू एकच का? कॉखना प्रथम ते एकच वाटत होते. इटलीतले रिवोल्टा आणि माफुची या दोघा शास्त्रज्ञांनी १८८९-९० च्या सुमारास दाखवून दिलं, की कोंबड्यांच्या क्षयाचा जंतू निराळा आहे. माणसाच्या क्षयाचा जंतू कोंबडीला टोचला तरी तिला सहसा क्षय होत नाही. म्हणजे पक्ष्याचं पक्ष्याकडे आणि माणसाचं माणसाकडे, असा सरळ हिशेब लागला.

फक्त एक नोंद जुळेना. ती पोपटाची.

त्याच सुमारास बर्लिनच्या पशुवैद्यकीय विद्यालयाच्या दवाखान्यात लोक आपले आजारी पोपट घेऊन येत. कितीतरी पोपटांच्या डोळ्यांभोवती, चोचीच्या कोपऱ्याशी, डोक्यावर गाठी आलेल्या असत. काही गाठी वाढून वाढून शिंगासारख्या कडक झालेल्या. पक्षी वाळत जायचा आणि शेवटी मरायचा. फ्रोनर आणि एबरलाइन या पशुवैद्यांनी अशा पोपटांबद्दल लिहून ठेवलं आहे. या गाठी तपासल्या तर आत क्षयाचे जंतू. आणि तो कोंबड्यांचा नव्हे, माणसाचा क्षय असल्याचं पुढच्या अभ्यासात दिसत गेलं. फ्रान्समध्येही पशुवैद्यांना हाच अनुभव आला.

पोपट हा युरोपातला पक्षी नाही. रानातून नव्याने आणलेल्या पोपटात हा आजार दिसत नसे. मग त्यांना क्षय आला कुठून? पशुवैद्यांनी घरची चौकशी सुरू केली आणि पुन्हा पुन्हा तेच ऐकू येऊ लागलं. मालकाला जुना खोकला आहे. मालकीणबाई क्षयाने गेल्या. आणि दुसरी गोष्ट अशी, की पोपटाला खायला कसं देत? आपल्या तोंडात घास चावून, मऊ करून, ओठांवर धरायचा आणि पोपटाने चोचीने उचलायचा. मुका घ्यायचा. ओठातला साखरेचा खडा द्यायचा.

जरा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेकडची कडक थंडी, खिडक्या बंद, कोळशाची शेगडी पेटलेली. घरातली आजारी बाई महिनोन्महिने त्याच खोलीत. बाहेर जाणं नाही, भेटायला येणारेही कमी, कारण क्षय म्हटलं की माणसं लांब राहतात. तिच्याशी बोलणारा एकच जीव, तो पिंजऱ्यातला पोपट. त्याला ती आपल्या तोंडातला घास देते. हे सगळं प्रेमच होतं, त्यात खोट काही नव्हती. आणि त्याच घासाबरोबर आजार जात होता. गाठी चोचीच्या कोपऱ्यात आणि तोंडावरच का यायच्या, याचंही उत्तर त्यातच होतं. खोकल्याचे तुषार आणि वाळलेल्या थुंकीची धूळ यांतूनही जंतू जात असणारच, पण तोंडातला घास हा सरळ रस्ता होता.

कोंबडी अंगणात राहिली म्हणून वाचली, असं समजू नका. तिच्या शरीराची घडणच अशी, की माणसाच्या क्षयाचा जंतू तिथे फारसा मूळ धरत नाही. पोपटाचं शरीर याबाबतीत दुबळं. आणि नेमका तोच आपल्या तोंडाशी सगळ्यात जवळ. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

औषध आलं आणि पोपटही सुटले

विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत राहणीमान सुधारलं, घरं हवेशीर झाली, थुंकण्याबद्दल जागृती झाली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं. माणसांचा क्षय कमी झाला तसा तिकडे पोपटांचा क्षयही कमी झाला. पोपटांना कुणी औषध दिलं नव्हतं, लस टोचली नव्हती. आजार कुणाकडून येत होता, याचा याहून सरळ पुरावा मला तरी सुचत नाही.

पण तो अगदी संपला असं नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात हिरव्या पंखांच्या मकाव पोपटाची हकिकत प्रसिद्ध झाली. पक्ष्याला टीबी निघाला. चौकशी केली तर घरातल्या माणसांना काही वर्षांपूर्वी टीबी होऊन गेलेला. आता विज्ञान इतकं पुढे गेलं आहे, की जंतूचे ठसे जुळवून पाहता येतात, आपल्या बोटांचे ठसे जुळवतात तसे. ते जुळले. पुढे निळ्या कपाळाच्या अ‍ॅमेझॉन पोपटाबद्दलही माणसाकडून टीबी गेल्याचा असाच वृत्तांत आला. बर्लिनच्या पशुवैद्यांनी जे घरची चौकशी करून ओळखलं होतं, ते शंभर वर्षांनी असं पक्कं झालं.

आपल्या देशात टीबी अजून आहेच. आणि आता पाळीव पक्षीही घरोघरी येत आहेत. म्हणून हा इतिहास नुसता इतिहास म्हणून सोडून देता येत नाही.

मग बाकीचे आजार?

इथे उगाच घाबरायचं कारण नाही. आपल्या नेहमीच्या फ्लूचा विषाणू पक्ष्याच्या शरीरात सहज शिरत नाही. कुलूप आणि किल्लीचं उदाहरण घ्या. माणसाच्या घशातल्या पेशींचं कुलूप वेगळं, पक्ष्याच्या आतड्यातल्या पेशींचं वेगळं. एकाची किल्ली दुसऱ्याला सहसा लागत नाही. कोविडच्या वेळीही शास्त्रज्ञांनी कोंबड्या आणि बदकांवर तपासणी केली होती. त्यांना तो आजार जडला नाही.

अपवाद आहेत, पण ते बहुतेक मोठ्या कुक्कुटपालनातले. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ होती, तेव्हा चिली देशात टर्की पक्ष्यांच्या फार्मवर माणसांमधलाच विषाणू पोचला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की जगभरच्या कोंबड्यांमध्ये पायांचे आणि हाडांचे विकार करणारा एक जंतू मुळात माणसाचा आहे आणि साधारण चाळीसेक वर्षांपूर्वी माणसाकडून कोंबड्यांमध्ये गेला. हजारो मुके जीव एका छताखाली कोंबून ठेवले, की एका माणसाचा जंतू किती लांब जातो, ते यावरून दिसतं. आपण अन्नासाठी त्यांच्या वाटेला जात नाही, हे ठीकच. पण माणसाच्या हव्यासाची किंमत कोण देतं, ते माहीत असावं.

आपल्याकडची रीत

आता थोडं आपल्या परंपरेबद्दल, कारण या विषयात तिचा खरा संबंध येतो.

१६२३ साली पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी गुजरातेत खंबायतला आला होता. तिथे त्याने पक्ष्यांचं रुग्णालय पाहिलं आणि आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. लहानशी जागा, आत कोंबडे, कबुतरं, मोर, बदकं, चिमण्या-पाखरं. कुणी लंगडं, कुणी आजारी. रानपाखरं बरी झाली की सोडून देत आणि पाळीव असतील तर कुणा धर्मशील माणसाच्या हवाली करत. त्याच ठिकाणी त्याने आई मेलेली उंदराची पिल्लंही पाहिली. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या त्या पिल्लांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होता. परदेशी माणसाला आश्चर्य वाटलं. आपल्याला ते वाचून आजोळची आठवण यावी, इतकं ते ओळखीचं आहे.

मला या वर्णनातलं ते पीस फार महत्त्वाचं वाटतं. इवल्याशा जिवाला पाजायचं तर स्वतःच्या तोंडाने किंवा बोटाने नव्हे, स्वच्छ पिसाने. जंतू हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. पण माया करताना मध्ये थोडं अंतर राखायचं, हे त्या म्हाताऱ्याच्या हाताला माहीत होतं.

दिल्लीला चांदणी चौकात लाल मंदिर आहे. तिथलं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय तुमच्यापैकी अनेकींनी यात्रेच्या वेळी पाहिलं असेल. त्या रुग्णालयाची सुरुवात १९२९ सालची. मघाशी जे वर्ष सांगितलं, तेच. तिकडे पोपटांच्या माना मुरगाळायचा सल्ला निघाला, जवळपास त्याच काळात इकडे आपल्या समाजाने जखमी पाखरांसाठी दवाखाना काढला. याचा अर्थ आपण मोठे आणि ते लहान, असा काढू नका. तिकडे माणसं मरत होती, भीती खरी होती, आणि अँडरसनसारख्या माणसाने त्या पक्ष्यांची देखभाल करताना प्राण गमावले. पण भीतीच्या वेळी आपला पहिला हात कुठे जातो, मारायला की सांभाळायला, हे वर्षानुवर्षांच्या सवयीवर ठरतं, एवढं मात्र खरं.

आणि एक गोष्ट आपल्यालाही टोचणारी आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यातला पहिलाच बंध. जिवाला बांधून ठेवणं, कोंडणं. रानातल्या पोपटाला माणसाचा क्षय होत नाही. जो झाला तो पिंजऱ्यातल्याच पोपटाला झाला, कारण खोकणाऱ्या माणसापासून उडून जायची सोय त्याला आपण ठेवली नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहेच. कायद्याच्या आधी आपलं व्रत तेच सांगतं. म्हणून नवीन पक्षी आणायचा विचार असेल तर आणू नका, एवढंच मी म्हणेन. पण जो आधीच घरात आहे, पिंजऱ्यातच जन्मला आणि बाहेर जगू शकणार नाही, त्याचा भार आता आपल्यावर आहे.

घरात टीबीचा रुग्ण आणि पक्षी दोन्ही असतील तर

त्या सुनेला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. डॉक्टरांचा सल्ला मात्र घ्यायचाच.

सगळ्यात आधी रुग्णाची औषधं. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत. साधा टीबी असेल आणि औषधं नेमाने घेतली, तर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण व्हायची शक्यता फार कमी होते. औषधाला दाद न देणारा टीबी असेल तर जास्त काळ जपावं लागतं. कधीपर्यंत, ते डॉक्टरांना विचारा.

तोपर्यंत पिंजरा दुसऱ्या हवेशीर खोलीत ठेवावा आणि दाणापाणी घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. रुग्णाने पक्ष्याला हातावर, खांद्यावर घेऊ नये. तोंडातला घास, उष्टं फळ, मुका हे तर घरातल्या कुणीच देऊ नये, आजार असो वा नसो. पिंजरा झाडताना धूळ उडवू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा, मग हात साबणाने धुवा. यात पक्ष्याचं रक्षण आहे आणि आपलंही. वाळल्या विष्ठेचा तो पोपटताप आठवतो ना.

पक्षी वाळू लागला, छातीचं हाड हाताला टोचू लागलं, डोळ्यांजवळ किंवा चोचीपाशी गाठ दिसली, तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि घरात टीबी आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे हा आजार लपवायची फार सवय. लपवलं तर त्यांना निदान कसं करता येणार?

भीतीपोटी पक्ष्याला बाहेर सोडून देऊ नका. कॉकटीलला आपल्या झाडांवर जगता येत नाही. कावळे-मांजरं त्याला एक दिवसही टिकू देणार नाहीत. सोडणं म्हणजे मुक्ती, असं आपण स्वतःला समजावतो, पण ते वधाच्याच जवळ जातं.

आता एक कठीण गोष्ट. पक्ष्याला एकदा टीबी झाला, तर त्याचा उपचार फार लांबतो, आणि त्याच्यापासून घरातल्यांना धोका नको म्हणून अनेक ठिकाणी पशुवैद्य त्याला झोपवून टाकायचा सल्ला देतात. आपल्या घरात हा प्रश्न आला तर काय करणार? एकीकडे घरातली लहान मुलं, म्हातारी माणसं, दुसरीकडे पंचेंद्रिय जीव. याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही आणि कुणी पटकन दिलं तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. पण एक कळतं. हा प्रश्न ज्या वाटेने येतो, ती वाट आधीच बंद करणं आपल्या हातात आहे. तोंडचा घास न देणं, पिंजरा हलवणं, औषध न चुकवणं. जीवदया म्हणून आपण दान देतो, चारा घालतो. हेही तिच्यातच मोडतं, फक्त त्याची पावती मिळत नाही.

शेवटी रुग्णाबद्दल. पिंजरा दुसऱ्या खोलीत गेला की सासूबाईंची सोबत जाते, हे विसरू नका. बर्लिनच्या त्या बायकांनी पोपटाला ओठांशी धरलं, कारण माणसं त्यांच्याजवळ बसत नव्हती. आपल्याकडेही पूर्वी क्षय म्हटलं की पाचगणी, मिरजेच्या आरोग्यधामात पाठवत, घरची भांडी वेगळी करत. मद्रासला १९५६ पासून मोठा अभ्यास झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना घरीच ठेवून तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला, की घरी राहून औषध घेणारेही तितकेच बरे होतात, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण होते असंही दिसलं नाही. त्यानंतर जगभर टीबीचे उपचार घरी होऊ लागले. आजार जो काही पसरायचा असतो तो बहुधा निदानाच्या आधीच पसरलेला असतो. औषध सुरू झाल्यावर माणसाला वाळीत टाकून काही मिळत नाही.

तेव्हा खिडक्या उघडा, त्यांना मास्क द्या आणि दुपारी अर्धा तास त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांना स्तवन म्हणून दाखवा, पुराणातली कथा वाचा, त्यांच्या तरुणपणचं काही विचारा. पिंजरा दाराबाहेर अशा जागी ठेवा, की लांबून त्यांना पाखरं दिसतील आणि शीळ ऐकू येईल. औषधाचे महिने बघता बघता जातात. मग डॉक्टरांनी हो म्हटलं, की पिंजरा पुन्हा खिडकीत येईल आणि दाणे वाटीतून द्यायचे, ओठांतून नाही.

तुमच्या घरी किंवा माहेरी पक्षी असतील तर हे वाचून दाखवा, विशेषतः लहान मुलांना. मुका घेण्यात सगळ्यात पुढे तीच असतात.

जय जिनेंद्र.